खाडीवरचे बाबा: देव की वेताळ?

बोरघाट उतरला आणि एस.टी.त बसल्या जागी घामाच्या धारा लागल्या. पुण्याहून निघताना आईने बजावले होते, "बाकी काही करू नकोस, भाऊजी घरात राहतील एवढं बघ." पनवेलला माझी अक्का दिली आहे. तिचे यजमान शाळेत गणित शिकवतात. असा हिशेबी माणूस येत्या पौर्णिमेला खाडीवरच्या कुणा बाबांच्या मागे घर सोडून निघणार, असा अक्काचा निरोप आला होता, आणि पौर्णिमा तोंडावर आली होती.

कोन गावाला एक आगरीण भाजीची पाटी घेऊन चढली आणि माझ्या शेजारी टेकली. मी बाबांना बघायला निघालोय म्हटल्यावर तिने डोळे मोठे केले.

"जवळ जाव नका. तो मानूस नाय. मिठागरातून पांढराफेक चालत आला. जेवत नाय, बोलत नाय. वेताळ हाय तो!"

मिठागर म्हणजे खाडीचे पाणी वाफ्यांत आटवून मीठ पिकवायची जागा.

"मग तुम्ही जात नाही ना?"

"जाते तर! रोज भाकर ठेवते. वेताळाला रागवून कसा चालंल?"

पनवेलच्या स्टँडवर उतरलो तो सुक्या मासळीच्या वासाने स्वागत केले. टांगेवाल्यानेही आपले मत फुकट दिले: बाबा वेताळ नव्हेत, साक्षात अवतार आहेत, पापणी लवत नाही त्यांची!

अक्काकडे तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे (मोड आणून सोललेल्या वालांची उसळ) होते. मी आडवा हात मारणार, एवढ्यात भाऊजींनी तीन बोटांची चिमूट केली आणि डोळे मिटून कपाळाला लावली.

"ही बाबांची मुद्रा," ते गंभीरपणे म्हणाले. "सृष्टीचं सार या चिमटीत आहे."

अक्का वाढत राहिली. तिचे डोळे सुजले होते. मागच्या पडवीत मला गाठून म्हणाली, "कपाटाच्या किल्ल्या काढून दिल्यात रे मला. जायचं पक्कं केलंय त्यांनी." मला भाऊजींचा असा राग आला की पुढची भाकरी गोड लागेना. तरी ती खाल्लीच.

सकाळी आम्ही तिघे खाडीवर गेलो. अक्काने झाकण लावून थोडे बिरडे आणि भाकरी बरोबर घेतली होती. एरवी मी भुताखेतांना भीत नाही, दिवसा तर मुळीच नाही. पण बांधावरचा तो उंच, दाढीवाला, एकटक बघणारा माणूस पाहिला आणि माझी बोबडी वळायची वेळ आली. त्याची सावली पडते का, हे मी दोनदा पाहून घेतले. पडत होती, पण जरा फिकी वाटली.

समोर पानांची रांग लागली होती. भुताला मीठ चालत नाही ही मिठागरवाल्यांची पक्की समजूत, म्हणून सगळे अन्न अळणी. अवतार मानणाऱ्यांनीही धोका नको म्हणून मीठ वगळलेले! बाबांनी एक घास घेतला, तोंड वाकडे करून खाली ठेवला आणि चिमूट वर केली. सगळ्या गर्दीने चिमटी वर केल्या.

अक्का बघतच राहिली.

"अगं बाई, हे मीठ मागताहेत!" ती भाऊजींना म्हणाली. "मामंजी जेवताना मौन पाळायचे तेव्हा अशीच खूण करायचे. तुम्हीच तर उठून वाढायचात!"

भाऊजींची चिमूट हवेतच राहिली. अक्काने बिरडे पुढे सरकवले. कालची आगरीण ओरडली, "मीठ नको घालू गो! पेटंल तो!"

बाबा पेटले नाहीत. चाटूनपुसून सगळे खाल्ले, आणि मौन विसरून म्हणाले, "अजून आहे का?"

गर्दी दोन पावले मागे सरली. भाऊजी मात्र पाया पडले. "महाराज, मी येणार आहे तुमच्याबरोबर."

"ही तुझी कोण?"

"पत्नी."

"रोज असं जेवतोस?"

"हो."

"मला असं वाढणारं कुणी असतं, तर मी घरातून निघालोच नसतो," बाबा म्हणाले. "घरी जा."

भाऊजींनी रिकामे भांडे उचलले आणि अक्काच्या मागून मुकाट्याने चालू लागले. मला हसूही आवरेना आणि रडूही. आगरीण मात्र जोरात होती: "मीठ पचवला! म्हंजे देवच हाय!"

पौर्णिमेला बाबा एकटेच निघून गेले. भाऊजी शाळेत गेले.

परतीच्या एस.टी.साठी अक्का मला पोचवायला आली. एवढ्या लोकांनी बाबांची पापणी पाहिली, मी सावली पाहिली. ताटाकडे कुणीच बघितले नव्हते. मी विचारले, "खरं सांग, तुला ते कोण वाटले?"

"माणूस. उपाशी माणूस," ती म्हणाली. मग पदराने डोळे टिपून हसली. "पण यांना घरी पाठवलं ना त्यांनी? आता कुणी देव म्हटलं, तर मी नाही म्हणायची नाही."