नवरदेवाच्या नाकाची दहा मिनिटं

"मान मागे कर, अजून मागे!" नवरदेवाची मावशी त्याच्या कपाळावर ओला टॉवेल थापत होती. मुहूर्ताला पंधरा मिनिटं होती आणि त्याच्या नाकातून रक्त गळत होतं. दुर्गाघाटावर माझं क्लिनिक कार्यालयाला लागूनच, म्हणून मला ओढून आणलं होतं.

"मान पुढे!" मी ओरडलो. मागे केली की रक्त घशात उतरतं, मग उलटी होते.

मुलीचे वडील दारात उभे. "डॉक्टरसाहेब, खरं सांगा. मोठा रोग असेल तर मी आत्ता लग्न थांबवतो."

नवरदेव पांढराफटक पडला. मी बीपी बघितलं, ठीक होतं.

"रोग कसला? लू चाललीय. नाकाच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्या असतात. गरम वाऱ्यानं आतली त्वचा सुकते, खपली धरते. ती यांनी बोटानं काढली."

नवरदेवानं बोट धोतरात लपवलं.

"नाकाचा मऊ भाग चिमटीत दाबा. दहा मिनिटं. मधे सोडायचं नाही. श्वास तोंडानं."

"दहा बहुत झाले," मुलाचे काका म्हणाले. "चारात करा."

"भाजी आहे का ही?"

"चला, पाच. ना तुमचं, ना आमचं."

मी कंपाउंडरचा डॉक्टर झालो तो पेशंटांशी फीवरून घासाघीस करतच. आणि इथं मूर्खासारखा खरा आकडा आधीच सांगून बसलो होतो! त्यात नवरदेव सारखा चिमटी सोडून 'थांबलं का' बघायचा. की पुन्हा धार, पुन्हा शून्यापासून.

शेवटी मी नवरीच्या भावाला गाठलं. रेल्वेतला क्लार्क, मनगट जाडजूड. आपल्यात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि भेट कबूल होईपर्यंत सोडत नाही.

"आज कानाआधी नाक," मी म्हणालो. "मी सांगायच्या आत सोडलंत तर भेट बुडाली."

गड्यानं नाक धरलं. काका घाबरून म्हणाले, "घड्याळ देतो, सोड!"

"घड्याळ घेईन. पण सोडेन डॉक्टरसाहेबांच्या हुकमावर."

गुरुजींनी हाक मारली. अंतरपाटापाशी नवरदेव वाकून उभा, मेहुणा नाक धरून, मी मनगटावरचं घड्याळ बघत. मंगलाष्टकं सुरू झाली. दहावं मिनिट संपलं तसा मी म्हणालो, "सोडा." थेंब नाही. मुलीच्या वडिलांनी स्वतः वाकून खात्री केली, मग अक्षता टाकल्या.

"आठवडाभर नाकात व्हॅसलीन," मी नवरदेवाला बजावलं, "आणि बोट बाहेर."

श्रेय मावशीच्या टॉवेलला गेलं. गल्लीत कुणाच्या नाकातून रक्त आलं की अजून आधी तिलाच बोलावतात. मला कुणी जेवूनसुद्धा जा म्हणालं नाही.

तेव्हापासून मी वीस मिनिटं सांगतो. लोक भांडून बारावर आणतात आणि आपण जिंकलो म्हणून नाक घट्ट धरून बसतात.