हळद लावलेलं कलम

त्या दिवसांत दुपार संपायचीच नाही. मेहरूणच्या तलावावरून परतलेलं ऊन आमच्या वरच्या खोलीच्या छतावर पडायचं, तिथं पाण्यासारखं हलत राहायचं, आणि मी त्याच्याकडे बघत पडून असायची. गोळ्यांची गुंगी होती. आपण झोपलोय की जागे आहोत हे कळायचं नाही. खालून भंगारवाल्याची हाक यायची ती मला धुळ्याच्या माहेरच्या गल्लीतून आल्यासारखी वाटायची. मध्येच डोळे उघडले की चादरीवर कुणाचा तरी हात ठेवलेला दिसायचा. हा कोणाचा हात, असा विचार करता करता लक्षात यायचं, माझाच आहे. उजवा.

अर्धांगवायूचा झटका सौम्य होता, असं डॉक्टर म्हणाले होते. तोंड सरळ झालं, पाय घराच्या घरात चालायला लागला. हात तेवढा रुसला. खांद्यातून उचलता यायचा, पण बोटं हलायची नाहीत आणि चिमटा काढला तरी कळायचं नाही. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. ती रोज गोड आवाजात सांगायची, "मॅडम, हाताला काम द्या, तो परत येईल." मी मुळात तापट. एकदा तिला म्हटलं, तो काय सासरी गेलाय का परत यायला? बिचारी हसली. मला मात्र हसू आलं नाही.

कारण त्या हातावर माझं सगळं होतं. आमच्या गच्चीवर निवडुंगांच्या दीडशे-दोनशे कुंड्या, आणि त्यातली बरीचशी कलमं माझ्या हातची. गोल, लव असलेली, फुलं येणारी नाजूक जात घ्यायची आणि ती आपल्या बांधावरच्या दांडग्या फड्या निवडुंगावर बसवायची. खालच्याला तहान नाही, उन्हाची भीती नाही, त्याच्या जिवावर वरचं सुखात वाढतं. शेजारच्या कापडवाल्या काकूंच्या गॅलरीत माझीच कलमं, ह्यांच्या जुन्या ऑफिसात टेबलावर माझीच. "तुमच्या हाताला गुण आहे," असं लोक म्हणायचे आणि मी वरवर नको नको म्हणत ते पुरेपूर खरं मानायची.

पावसाळाभर मी अंथरुणात होते. हे निवृत्त झालेले, घरातच असायचे. यांनी मनापासून पाणी घातलं, जरा जास्तच मनापासून. पाऊस संपल्यावर मला पहिल्यांदा धरून गच्चीवर नेलं तेव्हा निम्म्या कुंड्या कुजल्या होत्या. एकेक कुंडी बघत मी पुढे सरकले. पण लालच्या कुंडीशी आले आणि रडू फुटलं.

लाल म्हणजे लिंबाएवढा, कुंकवाच्या रंगाचा निवडुंगाचा गड्डा. त्याच्यात हिरवा रंग औषधालाही नसतो, त्यामुळे स्वतःचं अन्न त्याला करता येत नाही. मातीत लावला तर मरतो. त्याला कायम दुसऱ्या हिरव्या खोडाच्या डोक्यावर बसवावं लागतं. धुळ्याच्या बसस्टँडबाहेर एका हातगाडीवर बस सुटायच्या घाईत तो मी घेतला, मांडीवर ठेवून जळगावपर्यंत आणला, आणि दर काही वर्षांनी खालचं खोड थकलं की नव्यावर चढवत जगवला. आता त्याचं खोड बुडापासून मऊ पडलं होतं. बोट लावलं की पाणी सुटत होतं. वरचा गड्डा अजून टणक होता.

त्या क्षणी मी मनाशी एक पैज लावली. हे लाल जगलं तर माझा हात येईल. मेलं तर हाताची आशा सोडायची. ह्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर यांनी लगेच मला दवाखान्यात नेलं असतं.

आता कलम करायचं कुणी? ह्यांच्या हातात सुरी दिली की कांद्याचाही खून होतो. शेवटी मी अक्कांना फोन केला. अक्का म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. साक्रीकडे, डोंगराच्या अंगाला त्यांचं गाव. तशाही त्या मला बघायला येणारच होत्या. म्हटलं, येताना फड्याची दोन-चार जाड पानं आणा.

"वावरना बांधवर बठ्ठा निवडुंगच शे," अक्का म्हणाल्या. "कितलं आनू? पन माय, घरमा काटा ठेवो नही. घरमा कटकट व्हस."

"कटकट आधीच आहे अक्का," मी म्हटलं. "काट्यांना वेगळं कशाला भ्यायचं?"

अक्का आल्या त्या गोणपाटाचं गाठोडं घेऊन. साक्री ते धुळे, धुळे ते जळगाव, ते त्यांनी बसमध्ये पायाशी ठेवलं होतं, आणि शेजारच्या गृहस्थांच्या पँटला कुसळं लागली म्हणून त्यांच्याशी भांडत आल्या होत्या. फड्याचे मोठे काटे दिसतात तरी. त्यांच्या बुडाशी जी बारीक, सोनेरी कुसळं असतात ती खरी वाईट. दिसत नाहीत आणि कातडीत शिरली की निघत नाहीत. अक्कांनी सांडशीत पान धरून गॅसवर फिरवलं, वांगं भाजावं तसं. कुसळं चरचर जळून गेली. घरभर हिरवा, जळका वास पसरला. त्या वासानं मला फार दिवसांनी आपण घरी आलोय असं वाटलं.

पान आधी मातीत रुजवून मगच त्यावर कलम करायचं, ही माझी रीत. पण लालला तेवढी सवड नव्हती. पान वाळूत खोचलं आणि काम सुरू केलं. मी गच्चीत जिन्याच्या सावलीत खुर्चीवर, अक्का समोर पाटावर. ब्लेड स्पिरिटनं पुसायचं. पानाचा शेंडा आडवा, एका दमात कापायचा. लालचं बूड तसंच कापायचं. दोन्हींच्या आत फिकट कडं दिसतं, ती कडी एकमेकांवर यायला हवीत. ओलं असतानाच बसवायचं आणि वरून रबर लावायचं. सगळं सांगितलं. अक्कांनी पानाचा शेंडा असा स्वच्छ उतरवला की मला हेवा वाटला.

ऊन कोवळं होतं. तलावाकडून वारा येत होता. सांगता सांगता माझी मान कधी कलली, कळलं नाही. गुंगीतच मला अक्का जिना उतरताना ऐकू आल्या, परत येताना ऐकू आल्या. डोळे उघडले तेव्हा लाल नव्या पानावर ऐटीत बसलं होतं. रबर नीट, कुंडीला दोन वेढे देऊन लावलेलं. मला इतका आनंद झाला की मी अक्कांचा हात धरला. डाव्या हातानं.

आठवडाभर कुंडी जिन्याखाली ठेवली. मी रोज उतरून बघायची, म्हणजे पायालाही व्यायाम झाला. लालचा रंग जरा उतरल्यासारखा वाटे, पण धक्क्यानं तेवढं होतंच. मग एका सकाळी अक्कांना रबर काढायला सांगितलं.

रबर सुटलं आणि लाल डबीच्या झाकणासारखं बाजूला झालं. आत पिवळं होतं. सुकून पोपडे धरलेलं, पिवळंजर्द.

"हे काय?" मी विचारलं.

"हयद," अक्का म्हणाल्या. "कापेल जागावर हयद लावतस ना. तेबी जीवच शे."

कलमाच्या दोन जखमांच्या मधे काहीही घालायचं नसतं. ओल्याला ओलं लागलं तरच दोन्ही जुळतात. पण हे सांगायचं मला सुचलंच नव्हतं. आमटीत साखरेचा पाक घालू नका, असं कुणी कुणाला सांगतं का? आणि अक्कांच्या घरात बोट कापलं, गुडघा फुटला, गाईचा खूर चिरला, की हात आपोआप हळदीच्या डब्याकडे जातो. दोन जखमा उघड्या बघून त्यांना राहवलं नव्हतं. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी ओरडले. "भाजी आहे का ती, हळद घालायला?" असं म्हणाले. आणखीही बरंच बोलले. हे धावत आले. अक्का हातातलं रबर बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या.

लाल बुडाशी वाळून आत ओढलं गेलं होतं. पैज मी हरले होते. त्या दिवशी व्यायामाची मुलगी आली तिला मी दारातूनच परत पाठवलं.

पुढचे काही दिवस आम्ही दोघी एकाच घरात दोन गावांत राहिल्यासारख्या राहिलो. अक्का सकाळ-संध्याकाळ तेल कोमट करून माझा हात चोळायच्या. मी तोंड फिरवून बसायची. छतावरचं ऊन बघायची. हाताला काही लागत नव्हतंच, तेव्हा चोळू द्यायला माझं काय जात होतं? अशा गप्पपणात दुपारी आणखी लांबल्या.

एकदा त्या वरून आल्या आणि दारात थांबून म्हणाल्या, "चाल. देख एकदाव."

लाल त्यांनी टाकलं नव्हतं. गच्चीच्या कठड्यावर एका वाटीत ठेवलेलं होतं, सुरकुतून खारकेसारखं झालेलं. पण त्याच्या कमरेला हरभऱ्याएवढं एक पिल्लू होतं, आणि ते टणक होतं, लालबुंद होतं.

"हाई आजून जित्तं शे," अक्का म्हणाल्या.

पिल्लू आईच्या अंगावरचं उरलंसुरलं पाणी पीत होतं. आज नाही तर उद्या तेही वाळणार. पान भाजायलाही आम्ही थांबलो नाही. दुसरं फड्याचं पान तसंच काट्याकुसळांसकट कुंडीत उभं केलं. अक्कांनी ब्लेड पुसलं, पानाचा शेंडा उतरवला, पिल्लू खुडून त्याचं बूड कापलं आणि अलगद बसवलं. बसवून हात मागे घेतले आणि पदरात गुंडाळले. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

पण एवढ्याशा पिल्लावर रबर ठरेना. लावलं की ते टणकन उडायचं. वरून हलका, एकसारखा भार हवा होता, आणि तोही बराच वेळ. अक्का बोट ठेवायला तयार नव्हत्या. "मना हातवर भरोसा नही आते," एवढंच म्हणाल्या. मी डावा हात ठेवून पाहिला. दुबळेपणानं तो थरथरत होता, पिल्लू सरकत होतं.

अक्कांनी क्षणभर विचार केला. मग माझा उजवा हात उचलला, पानाला टेकवला आणि त्याचं एक बोट पिल्लावर ठेवलं.

"हाऊ हात हालस नही," त्या म्हणाल्या. "हाऊच ठेव."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी कुंडी फेकून मारली असती. अक्का मात्र पाटावर दगड ठेवावा इतक्या साधेपणानं बोलल्या होत्या, आणि खरंच, तो हात जरासुद्धा हलत नव्हता. हे कोपराखाली द्यायला उशी घेऊन आले. मी बसून राहिले. तलावावर बगळे उतरत होते. बांधावरच्या कुठल्याशा पानावर माझा हात उगवलाय आणि मी इथून, लांबून त्याच्याकडे बघतेय, असं काहीतरी वाटत राहिलं. अक्का समोर बसून होत्या. पिल्लू बोटाखाली होतं, पण मला ते लागत नव्हतं, फक्त दिसत होतं. जगेल की नाही, माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मला आता विचारायचीही भीती वाटत होती.

ऊन कठड्यावरून खाली गेलं तेव्हा अक्कांनी हात अलगद उचलून घेतला. पिल्लू जागचं हललं नाही. हात मात्र कुसळांनी भरला होता. उजेडात धरला तर बोटंभर सोनेरी लव चमकत होती.

"दुखत नाही," मी म्हटलं. "राहू द्या."

अक्कांनी ऐकलं नाही. खाली जाऊन कणकेचा गोळा आणला आणि माझा हात मांडीवर घेऊन त्यावर गोळा फिरवायला लागल्या. कुसळं कणकेला चिकटून निघत होती. तळहात झाला. अंगठा झाला. मी तलावाकडे बघत होते. करंगळीच्या मुळाशी गोळा फिरला आणि हात मागे सरला. मी ओढला की तो आपला आपण सरला, सांगता येत नाही.

अक्का थांबल्या. "काय व्हयनं?"

मी मान वळवून करंगळीकडे बघितलं. त्यांनी कणीक बाजूला ठेवली आणि त्याच जागी बोटानं दाबलं.

"दुखस का?"

"हो," मी म्हटलं. "दुखतंय, अक्का."

त्यांनी पुन्हा दाबलं. मी पुन्हा सांगितलं. ते कुसळ इतकं बारीक होतं की आम्हा दोघींपैकी कुणालाच दिसत नव्हतं, पण कुठं आहे हे मला नेमकं माहीत होतं. बाकीची सगळी अक्कांनी काढली. ते एक त्या दिवशी आम्ही तसंच राहू दिलं.