होरितांच्या यादीतलं शहाऐंशीवं नाव

नोव्हेंबर लागला की हिमी गावात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या उशिजिमांना मरायलाही फुरसत नसे. घरोघरचे जुने कॉम्प्युटर वर्षभर धूळ खायचे आणि नववर्षाची पत्रं छापायची वेळ आली की हटकून रुसायचे. उशिजिमा एकसष्ट वर्षांचे, गुडघे त्याहून म्हातारे. गावभरचे पत्ते त्यांच्या हाताखालून जात. स्वतः मात्र त्यांनी साडेतीन वर्षांत कुणाला एक ओळ धाडली नव्हती.

बायको सुमिए उपचारांसाठी बहिणीकडे नागोयाला गेली आणि साडेतीन वर्षांपूर्वी मे महिन्यात तिथंच वारली. घरात माणूस गेलं की डिसेंबर उजाडायच्या आत राखाडी किनारीचं पत्र टाकायचं, यंदा सुतक आहे, शुभेच्छा नकोत म्हणून. उशिजिमांनी ते टाकलंच नाही. आज टाकू, उद्या टाकू. गाव समजून चाललं, ती अजून बहिणीकडेच आहे. दर एक जानेवारीला दोघांच्या नावानं पत्रं येत आणि हा वेडा माणूस ती उशाशी ठेवी.

आज पाळी किनुयोबाईंच्या घरची. त्यांचे यजमान होरितासान ऑगस्टमध्ये गेले. एकशे बारा पत्ते त्यांच्या कॉम्प्युटरात, कागदावर एकही नाही. सोमवारी राखाडी पत्रं पेटीत पडली नाहीत, तर गेलेल्या माणसाला लोकांच्या शुभेच्छा येणार.

"वीस पत्ते झाले की पाटी येते, व्हर्च्युअल मेमरी कमी आहे म्हणून. मग सगळं ठप्प!" बाई वैतागल्या होत्या. "सुमिएसान अजून नागोयालाच का हो?"

"हं," उशिजिमा म्हणाले आणि घाईनं खुर्चीत बसले. "वहिनी, ओट्यावर जागा संपली की पातेली कुठं ठेवता?"

"खाली जमिनीवर."

"हाही तेच करतो. मेमरी भरली की डिस्कवर पसारा मांडतो. पण होरितासाननी त्याला दोनशे एमबीच जागा बांधून दिलीय, आणि सी ड्राइव्ह गच्च भरलाय. मांडणार कुठं बिचारा?"

"घ्या! मला जन्मभर आवराआवर शिकवली, आणि स्वतःचं हे असं!"

डी ड्राइव्ह रिकामाच होता. उशिजिमांनी व्हर्च्युअल मेमरीची जागा तिकडे दिली, किमान आणि कमाल दोन्ही ७६८ एमबी, आणि यंत्र बंद करून पुन्हा लावलं. ते सुरू व्हायला इतका वेळ लागला, की ऊबदार पांघरुणाच्या टेबलाखाली पाय घातल्या घातल्या त्यांचा डोळा लागला. थकवा नुसता अंगात मुरला होता.

मग छपाई सुरू झाली. वीस. चाळीस. सत्तर. पाटी आली नाही. बाईंनी यंत्राला हात जोडले. प्रत्येक नाव आधी पडद्यावर दिसत होतं. ज्याची ओळख आधी झाली त्याचं नाव आधी, अशी यादी लावलेली. शहाऐंशीवं आलं आणि उशिजिमांनी छपाई थांबवली.

उशिजिमा तोकुजी. सुमिए.

खाली शेऱ्यात होरितासाननी लिहिलं होतं: "सुमिएसान मे महिन्यात गेल्या. त्यांच्या नागोयाच्या भाच्याकडून कळलं. उशिजिमा बोलत नाही. तो स्वतःहून सांगेपर्यंत दोन्ही नावं लिहायची."

"काय झालं? पुन्हा अडकलं मेलं?" बाईंनी विचारलं.

"यंत्र नाही अडकलं, वहिनी." उशिजिमांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "सुमिए नाही आता. साडेतीन वर्षं झाली."

बाईंनी चष्मा चढवून शेरा वाचला. पुन्हा वाचला. "ह्यांना ठाऊक होतं! आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत हो!" मग हळूच म्हणाल्या, "नाव मी काढू?"

"मीच काढतो."

त्यांनी दुसरं नाव पुसलं. छपाई पुन्हा सुरू झाली आणि पहिलंच पत्र त्यांचं आलं, एकट्याच्या नावाचं. बाईंनी ते पोस्टाच्या गठ्ठ्यात ठेवलं नाही.

"पेटीत कशाला टाकू? घ्या इथंच."

उशिजिमांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, आणि साडेतीन वर्षांत पहिल्यांदा, परक्याच्या घरात, हमसून हमसून रडले.

"राखाडी किनारीची कोरी पत्रं उरलीत का हो, वहिनी?" बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं.