ब्रेकमधली हवा आणि आईचा गुडघा

आमच्या गाडीचा ब्रेक दाबला की पाय उशीवर ठेवल्यासारखा आत जायचा. गाडी थांबायची, नाही असं नाही, पण थांबण्याआधी जरा विचार करायची. मेकॅनिकनं मागच्या चाकातलं ब्रेकचं गळकं सिलिंडर बदललं होतं आणि ब्रेकमधली हवाही काढली होती, असं त्याचं म्हणणं. मी त्याला परत बोलावलं. त्यानं परत हवा काढली, परत पेडल मऊच. तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा म्हणाला, "मॅडम, पुरानी गाडी है, इतना तो चलता है." माझं डोकंच फिरलं. बाकी कशाबद्दलही मी हे ऐकून घेतलं असतं, ब्रेकबद्दल नाही.

गाडी कागदोपत्री माझी, पण चालवायची आई. मी मेट्रोनं ऑफिस गाठते. वडील फौजेत होते, त्यातली बरीच वर्षं सीमेवर, त्यामुळे माझं लहानपण छावण्यांमध्ये आईबरोबर गेलं. गॅस संपला, मला ताप आला, शाळेची बस चुकली, या सगळ्याला वडिलांच्या रजेची वाट बघत बसता येत नाही हे लक्षात आल्यावर ती रिकाम्या मैदानावर गाडी शिकली. वडील गेल्यावर ती दिल्लीत द्वारकेला माझ्याकडे राहायला आली. आल्या आल्या तिनं पहिल्यांदा विचारलं ते स्वतःच्या खोलीबद्दल नाही, पार्किंगबद्दल.

इथे तिच्या दोन मैत्रिणी आहेत, दोघीही मराठी, दोघींनाही गाडी येत नाही. भिशी, भाजीबाजार, आर्मी कॅन्टीन, डोळ्यांचा डॉक्टर, सगळीकडे आईची स्वारी त्यांना घेऊन निघायची. मैत्रिणींना आपल्या मुलाला, सुनेला, कुणाला विचारायचं काम नाही. त्या दोघी तिला चेष्टेनं ड्रायव्हरसाहेब म्हणायच्या आणि तिला ते फार आवडायचं.

मग तिचा उजवा गुडघा बदलावा लागला. ऑपरेशन छान झालं. ती चालू लागली, जिने चढू लागली, माझ्यावर ओरडू लागली. बंद होती ती फक्त गाडी. व्यायाम शिकवायला येणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी तिला म्हणाली होती, "आंटी, जिस दिन ब्रेक जोर से दबा के पकड के रख सकोगी, उस दिन चलाना." आईनं त्यातलं "उस दिन चलाना" एवढंच ऐकलं.

रोज सकाळी चहाबरोबर एकच प्रश्न. "किल्ली कुठंय?" किल्ली माझ्या ऑफिसच्या बॅगेत असायची. मी म्हणायची, "ब्रेक खराब आहे आई, तो नीट होऊ दे." खरं सांगायचं तर तो खराब ब्रेक माझ्या पथ्यावरच पडला होता. पण तेच तेच ऐकवून माझा मलाच कंटाळा आला. तिला नाही म्हणायचं असेल तर पायामुळे नाही म्हणावं, ब्रेकच्या आड कशाला लपायचं? तेव्हा ठरवलं, आता हा ब्रेक मीच नीट करणार. मग पायाचं काय ते बघू.

गाडीचा ब्रेक बंद नळ्यांमधल्या तेलावर चालतो. तेल दबत नाही, हवा दबते, म्हणून नळीत हवा शिरली की पेडल मऊ पडतं. प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला एक छोटा निपल असतो. तो सैल करायचा आणि तेलाबरोबर अडकलेली हवा बाहेर घालवायची, एवढंच काम. कशी घालवायची यावर मात्र कुणाचं कुणाशी पटत नाही. मी वाचलं ते सगळं वाचून झाल्यावर आधी होते त्याहून जास्त गोंधळले.

सुरुवात आळशी पद्धतीनं केली. निपल उघडायचा, त्याला नळी लावून बाटलीत सोडायची आणि तेल आपल्या वजनानं ठिबकू द्यायचं. बॉनेटखालच्या डबीत ते संपत आलं की भर घालायची. एकट्या माणसाला ही पद्धत बरी. मी खाली सतरंजी टाकून पेपर वाचत बसले. अख्खी सकाळ गेली, बाटलीत काळपट तेल जमलं, डबीत नवं सोनेरी तेल आलं, आणि पेडल? उशी ती उशीच. नळीत वरच्या अंगाला अडकून बसलेली हवा नुसत्या ठिबकण्यानं हलत नाही, तिला मागून रेटा लागतो.

मग मी एक हातपंप मागवला. तो निपलला लावून तेल बाहेर ओढायचं. बुडबुड्यांची नुसती रांग लागली. मी खूश, बघा केवढी हवा होती! पण बराच वेळ झाला तरी रांग संपेना तेव्हा शंका आली. निपलच्या आट्यांना बाहेरून ग्रीस फासलं आणि परत ओढलं, तर बुडबुडे जवळजवळ थांबलेच. म्हणजे मी इतका वेळ बाहेरचीच हवा सैल आट्यांमधून ओढत होते. पंपाची त्यात काही चूक नाही. पण दिसणारा बुडबुडा आतला की बाहेरचा हे सांगता येत नसेल, तर काम झालं हे मला कळणार कसं? मी पंप डब्यात भरून ठेवला.

तळमजल्यावरचे एक अंकल एव्हाना येऊन उभे राहिले होते. "बेटा, सोसायटी में गाडी रिपेअर करना अलाउड नहीं है," असं मला बजावून त्यांनी स्वतःसाठी घरातून खुर्ची आणली.

"वो पुराना तरीका करो ना," ते बसल्यावर म्हणाले. "एक आदमी पेडल पे, एक नीचे."

त्यांचं बरोबर होतं. वरच्या माणसानं पेडल दोन-चारदा मारून मग जोरात दाबून धरायचं. खालच्यानं निपल उघडला की तेल आणि हवा जोरानं बाहेर येते. त्या वेळी पेडल पायाखालून खाली जातं, पण पाय उचलायचा नाही. निपल परत आवळला गेला, खालून "सोड" असा आवाज आला, की मगच सोडायचं. आधी सुटला तर बाहेर आलेली हवा उलटी आत ओढली जाते आणि मेहनत पाण्यात. या पद्धतीत अवजार फारसं लागत नाही, भरवशाचा एक पाय लागतो. आणि घरात आम्ही दोघीच.

"मैं दबा देता हूं," अंकल म्हणाले.

"मी दाबते." आई मागून आली होती. पंजाबी ड्रेस, पायात स्पोर्ट्स शूज, नाड्या घट्ट. म्हणजे वरूनच ठरवून आली होती.

"आई, नको. खूपदा दाबायला लागतं."

"म्हणूनच. ती मुलगी काय म्हणाली? दाबून धरता आला पाहिजे. मग धरूनच दाखवते. चारही चाकं होईपर्यंत हा पाय टिकला, तर किल्ली माझी. नाही टिकला, तर मी परत विचारणार नाही." मग ती अंकलकडे वळली. "आप बैठिए भाईसाब. आपके घुटने अभी ओरिजिनल हैं, संभाल के रखिए."

मला ते पटलं. डॉक्टर नाही, माझी भीती नाही, तिचा हट्ट नाही, काय ते नळीतल्या तेलात दिसेल. पहिल्याच चाकाला ती दमेल आणि रोजची कटकट मिटेल, असं एक मन म्हणत होतं. दुसरं मन म्हणत होतं, टिकू दे गं बाई तुझा पाय.

चाकांना विटा लावल्या, गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड दिला. जुन्या गाडीचं पेडल पार तळाला गेलं तर आतली रबरं खराब होतात म्हणून पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा सरकवला. आई सीटवर बसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच बसत होती. तिनं सीट पुढे घेतली आणि आरसा नीट केला. गाडीचं एक चाक हवेत, कुठं जाणार नव्हती, तरी आरसा.

पेडलपासून सगळ्यात लांबचं म्हणजे मागचं डावं चाक आधी. मी आडवी झाले.

"दाब."

"दाबलं."

"धर." मी पाना फिरवला. नळीतून फस्सकन तेल आलं आणि त्यात हे भले मोठे बुडबुडे. या खेपेला ते खरेच आतले होते. निपल आवळला. "सोड."

"सोडलं."

असं चाललं होतं. मध्येच एकदा निपल आवळायच्या आत नळीतला बुडबुडा थबकला आणि उलटा चाकाकडे सरकला.

"आई, मी सोड म्हटलं नव्हतं."

 वरून ती म्हणाली, "माहीत आहे. या चाकाचं पहिल्यापासून कर."

पहिल्यापासून केलं. ते चाक झालं, मागचं उजवं घेतलं. आता प्रत्येक "दाबलं"च्या आधी तिचा श्वास ऐकू येत होता. मी विचारलं, "दुखतंय का?"

"तू तुझं काम कर."

अंकलना घरून फोन आला म्हणून ते उठले. खुर्ची तिथेच ठेवून गेले. दुसऱ्या चाकाला शेवटी शेवटी तिचा पाय आणखी एकदा सुटला. आम्ही तेही परत केलं. मी म्हटलं, जरा चहा घेऊ या, तर म्हणाली, "नको. आता उतरले तर परत चढणार नाही."

आणि पुढच्या डाव्या चाकापासून रंगच पालटला. मी "दाब" म्हणते न म्हणते तोच "दाबलं". निपल उघडा असताना पेडल जराही वर सुटत नव्हतं. तेलाची धार सरळ, बुडबुडे आले ते पुढेच गेले, एकही मागे आला नाही. मी खालूनच ओरडले, "आई, अगं जमतंय की तुला!"

"हं," ती म्हणाली.

शेवटचं चाक तिच्या दाराच्या अगदी पुढचं. ऊन तोंडावर येतंय म्हणून तिनं दार ओढून घेतलं. तेही चाक पहिल्या फटक्यात झालं. नळीतून नुसतं स्वच्छ तेल येत होतं.

मी चारही निपल पुन्हा तपासले, सांडलेलं तेल पाण्यानं धुतलं, डबी भरली, गाडी जॅकवरून खाली घेतली. मग स्वतः पेडल दाबलं. वरच्या वर थांबलं, दगडासारखं. सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर हळूहळू दोन चकरा मारल्या आणि भिंतीपासून चांगली लांब असताना कचकन ब्रेक मारला. गाडी जिथल्या तिथे. त्या मेकॅनिकला शेजारी बसवून दाखवावंसं वाटलं, भाऊ, हे असं चलता है.

आई अंकलच्या खुर्चीत बसली होती. मी गाडी लावली, किल्ली काढली आणि तिच्यापुढे धरली. मला खरोखर आनंद झाला होता. "घे. तू जिंकलीस."

तिनं हात पुढे केला नाही.

"पुढची दोन चाकं मी डाव्या पायानं धरली," ती म्हणाली.

मी तशीच उभी राहिले, किल्ली पुढे केलेली. मग मला रागच आला. "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू काम थांबवलं असतंस. उजवा थरथरायला लागला होता. पुन्हा सुटला असता तर परत पहिल्यापासून. ब्रेक तर पक्का व्हायलाच हवा होता, चालवणार कुणी का असेना. म्हणून पाय बदलला."

"पण मला दिसलं नव्हतं. आत्ताही नसतं कळलं."

"तुला नाही कळलं. उद्या रस्त्यात एखादं पोर आडवं आलं, तर तिथे काय पाय बदलत बसू?"

तिचे डोळे भरले होते, पण ती रडत नव्हती. स्वतःच्या गुडघ्यावर चिडली होती, तो हातानं चोळण्याऐवजी त्याला चापट मारत होती. ऑपरेशनच्या दिवशीही हलले नव्हते इतकी मी त्या क्षणी आतून हलले. इतके दिवस मी या बाईपासून किल्ली लपवत होते. हिच्यापासून? एवढा मोठा विजय हातात आलेला, कुणी विचारलंही नसताना, जिनं स्वतःहून परत केला, तिच्यावर पहारा ठेवायला मी कोण?

मी किल्ली तिच्या हातात कोंबली. "तुझ्याकडेच ठेव. पाय तयार झाला की तूच सांगशील."

"आणि न सांगताच निघाले तर?"

"नाही निघणार."

तिनं मूठ मिटली. मग माझ्या काळ्या हातांकडे बघून म्हणाली, "आधी साबणानं हात धू. तशीच कणीक मळायला घेशील."

आता रोज संध्याकाळी ती एकटी खाली जाते. गाडी आमच्या बाल्कनीच्या खालीच उभी असते. ती आत बसते, दार लावते, इंजिन सुरू करत नाही, आणि ब्रेक दाबून धरते. वरून मला ती दिसत नाही, गाडीचे मागचे लाल दिवे तेवढे दिसतात. ते थोडा वेळ लागतात, विझतात, परत लागतात. पाय उजवा आहे की डावा, हे दिव्यांवरून कळायला काही मार्ग नाही, आणि मला ते विचारावंसंही वाटत नाही. गाडी बाहेर काढायची गोष्ट तिनं अजून काढलेली नाही.

काल मी भाजी परतत होते. खाली दिवे लागले, आणि बराच वेळ झाला तरी विझले नाहीत. मी गॅस बारीक केला आणि कठड्याशी जाऊन उभी राहिले. "धर," मी वरूनच हळू म्हटलं. दिवे लागलेलेच होते.