बोटीत बसावं का

नांदेडात बसून मी समुद्राचं काम करते, असं सांगितलं की समोरचा आधी हसतो. आमच्या घरमालकीणबाईंनी तर राहायला आल्या आल्या विचारलं होतं, "गोदावरी सोडून इथं कुठला समुद्र हाय ओ?" नवऱ्याची नोकरी इथल्या रेल्वेत, माझं ऑफिस लांब किनाऱ्यावर आणि मध्ये इंटरनेट. यात गूढ काही नाही.

किनाऱ्यालगत उद्या-परवा लाटा केवढ्या उठतील, याचं गणित संगणक मांडतो. त्या गणिताला आम्ही मॉडेल म्हणतो. समुद्रात नांगरून ठेवलेला एक तरंगता बोया असतो, तो खरी लाट मोजून पाठवतो. रोज सकाळी मी मॉडेलची लाट आणि बोयाची लाट शेजारी शेजारी ठेवते, मॉडेल कुठं चुकलं ते बघते, चूक कशानं झाली ते शोधते, दुरुस्ती करते आणि पुन्हा तपासते. घरात मी सून असले तरी मॉडेलची मी खाष्ट सासू आहे.

त्या उन्हाळ्यात आमची दोन मॉडेलं सोबत चालत होती. जुन्याचे अंदाज लोकांपर्यंत जायचे, नवं अजून परीक्षेत होतं. जुन्याला फक्त जवळपासच्या वाऱ्यानं उठलेली लाट कळायची. पण पार दक्षिणेकडच्या महासागरात वादळ झालं, की तिथली लाट काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला येऊन लागते, इथं पानही हलत नसलं तरी. ती लाट दिसावी म्हणून तर नवं मॉडेल केलं होतं. ती दिसायला लागली, पण पोरगं जरा भित्रं निघालं. नसलेल्या लाटेलाही ओरडायचं. म्हणून परीक्षा संपेपर्यंत त्याचे आकडे बाहेर कुणाला सांगायचे नाहीत, असा आमच्यात रिवाज होता, आणि मला तो पटायचा.

माझे वडील, अप्पा, औशाजवळच्या गावात शेती करतात. तूर-हरभऱ्याची रास घरात आली आणि उन्हानं रानातली कामं थंडावली, की गावातली मंडळी गाडी ठरवून कुठंतरी फिरून येतात. त्या वर्षी कोकण ठरलं. अप्पांना किल्ल्यांचं भारी वेड. औशाचा त्यांच्या पायाखालचा, कंधारचा माझ्याकडं आले की ठरलेला. पण चारी बाजूंनी समुद्र असलेला किल्ला एकदा बघायचा, ही त्यांची फार जुनी इच्छा होती. तिथं बोटीनंच जावं लागतं.

सकाळी धक्क्यावरून त्यांचा फोन आला. "बाई, बोटीत बसावं का?"

माझ्यासमोर दोन्ही मॉडेलं उघडी होती. जुनं म्हणत होतं, समुद्र शांत. नवं म्हणत होतं, दक्षिणेकडून मोठी लाट येतेय. रिवाज गेला उडत, म्हटलं. "नका बसू, अप्पा. आज नकोच."

त्यांनी कारणही विचारलं नाही. "बरं," म्हणाले.

दुपारी त्यांनी व्हिडिओ पाठवला. धक्क्यापाशी पाणी कसं, तर घंगाळात भरून ठेवल्यासारखं. दुसऱ्या गाड्यांतून आलेली माणसं किल्ला बघून हसत-खिदळत बोटीतून उतरत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नव्या मॉडेलच्या नावापुढं मी "खोटा इशारा" असं नोंदवलं. आमच्या लेखी ती एक चूक, बाकी काही नाही. इथं मात्र त्या चुकीत अप्पांचा किल्ला गेला होता.

जरा वेळानं तोच व्हिडिओ पुन्हा बघताना दिसलं, की लांब, डोंगराच्या टोकापाशी पांढरा फेस उसळतोय. बोयाचे आकडे काढले. दुपारी लाट खरोखरच वाढली होती. म्हणजे ती आली होती, पण धक्क्यापर्यंत पोचली नव्हती. मॉडेल समुद्राचे चौकोन पाडतं आणि एका चौकोनाला एकच आकडा देतं. तो धक्का, तो किल्ला, त्यांना आडोसा देणारा डोंगर आणि बाहेरचा उघडा समुद्र, सगळं एकाच चौकोनात कोंबलेलं. तिथं डोंगर आहे हे मॉडेलला माहीतच नव्हतं.

अप्पांना फोन करून हे सांगितलं, तर ते हसायला लागले. "म्हंजी आमच्या महसूल मंडळातल्या पावसावानी झालं की! मोजायचं यंत्र एका गावात, अन् कागदावर पाऊस सगळ्या शिवारात." रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांच्या हसण्यानं मला जास्तच लागलं.

आता ते मला काही विचारणार नाहीत, अशी माझी खात्री होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. "आज काय म्हणतंय तुझं? दुपारी परत निघायचंय."

नको म्हणणं सोपं असतं. चुकलं तर एक सहल बुडते. हो म्हणून चुकलं तर काय, ते मला मनातसुद्धा बोलवेना. बोयाची लाट उतरत चालली होती, दोन्ही मॉडेलं एकच सांगत होती आणि डोंगराचा आडोसा आता मला ठाऊक होता. तरी मी ऑफिसातल्यासारखं बोलले. "जायला हरकत नसावी, असं दिसतंय."

"तसं नको सांगू. तू इथं असतीस तर बसली असतीस का?"

इतक्या बैठका केल्या, चुकांचे इतके आलेख काढले, पण मॉडेलची अशी परीक्षा आमच्यापैकी कुणी घेतली नव्हती.

"हाव, अप्पा. बसले असते."

बऱ्याच वेळानं किल्ल्यावरून फोन आला. वाऱ्यात त्यांचा आवाज फाटत होता. "पोचलो बाई, लई झकास हाय!" मागं बायकांचा, लेकरांचा कालवा चालला होता. शेजारच्या काकूंचं हसू तर मी लगेच ओळखलं.

"सगळेच आलेत?" मी विचारलं.

"सगळेच की. काल बी कुणी बसलं न्हाई. तू नको म्हणालीस, मंग आख्खी गाडी धक्क्यावरच थांबली."

मी समजत होते, एकट्या अप्पांना सांगतेय. आणि काल दिवसभर गावाची बोलणी त्यांनी एकट्यानं ऐकून घेतली असणार.

"मग कालच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर आज तू हाव म्हणाली नसतीस."

मी नसतेच म्हणाले. परतीची बोट धक्क्याला लागल्याचा फोन येईपर्यंत मी बोयाच्या आकड्यांसमोरून उठले नाही.