नळी साफ होऊ नये म्हणून

मोहनकाकांचा मला अजूनही राग येतो. आधी तेवढं सांगून टाकते, मग पुढचं. साठी ओलांडलेला, एवढा शिकलेला माणूस, आणि एक साधं वाक्य तोंडातून बाहेर काढता येऊ नये?

मोहन सबनीस मूळचे सावंतवाडीचे. डॉक्टरेट करायला जर्मनीत कायझर्सलाउटर्नला आले आणि इथलेच झाले. सगळी नोकरी एका संशोधन संस्थेत धातूंच्या चाचण्या करण्यात गेली. मालिनीकाकू गेल्यापासून घरात एकटेच. मुलगी संपदा हांबुर्गला असते. रविवारी तिचा फोन येतो. हे मराठीत विचारतात, ती जर्मनमध्ये उत्तर देते. "पापा, आलेस गूट?" म्हणजे सगळं ठीक ना? "हो गं, आलेस गूट." झालं बोलणं. पोरगी वाईट नाही हो, पण तिला वाटतं खरंच सगळं गूट आहे.

मी कौमुदी. कॉलेजात एनसीसीची रायफल चालवली होती, म्हणून इथे आल्यावर गावाबाहेरच्या नेमबाजीच्या फेराइनमध्ये, म्हणजे मंडळात, नाव घातलं. पहिल्याच शनिवारी बघते तर शेजारच्या रांगेत एक मराठी गृहस्थ हातात हे भलंमोठं मॅग्नम रिव्हॉल्व्हर घेऊन उभे! मी म्हटलं, "काका, वाघ मारायचाय की काय?"

"कसला वाघ! कागद मारतो, कागद," काका म्हणाले, "आणि तोसुद्धा हल्ली मरत नाही."

मरणार कसा? नळीत शिसं चिकटलेलं असायचं. या मंडळातले जुने लोक आपल्या गोळ्या स्वतः शिसं वितळवून साच्यात ओततात. तांब्याचं वेष्टण नसलेली ही उघडी गोळी जोरदार रिव्हॉल्व्हरमधून सुटली, आणि सगळं जुळलेलं नसलं, की जाताना नळीला शिशाचा थर फासून जाते. थर साचला की नेम गेला. मग तांब्याच्या तारेची घासणी सळईला गुंडाळायची आणि बसायचं खरवडत, खरकटं पातेलं घासावं तसं.

काकांना हे ओतकाम शिकवलं हार्टमूटने. रेल्वेतून निवृत्त झालेला, उंच, कमी बोलणारा माणूस. गोळीला लावायचं वंगण तो मेण आणि बैलाची चरबी एकत्र करून बनवायचा. काका म्हणाले, चरबी मला जमणार नाही बाबा. त्यांनी मेणात कोकमाचं तेल घातलं. आपण थंडीत टाचांच्या भेगांना लावतो ना, तेच ते घट्ट तेल, बहिणीने सावंतवाडीहून पाठवलेलं. हार्टमूटने वास घेतला, मान हलवली आणि निकाल दिला, "आल्झो, नळी घाण होते ती तुझ्या या झाडाच्या लोण्यामुळे."

पण घाण झालेली नळी घासायला तो थांबायचा. हे महत्त्वाचं. नेमबाजी संपली की बाकीचे जर्मन हात मिळवून, गाड्या काढून घरी. हार्टमूट मात्र बाही वर करून काकांच्या शेजारी बाकावर बसायचा. एकाने सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरायचं फिरतं चाक, धरायचा, दुसऱ्याने सळई फिरवायची. बोलणं शिशावरून सुरू व्हायचं आणि कुठेही जायचं. मालिनीकाकूंच्या आजारपणाबद्दल काका जन्मात कुणाशी बोलले नाहीत, मुलीशीही नाही. ते हार्टमूटशी बोलले, नजर नळीत ठेवून. काकांचा सगळा आठवडा त्या एका तासाच्या आधाराने उभा होता.

एकदा मी त्यांना छेडलं. "काका, जन्मभर धातू तपासले तुम्ही, आणि एक नळी साफ राहत नाही? लाज आणलीत की संस्थेला!"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "दोष कुठे आहे ते कळलंय मला. केव्हाच."

"म्हणजे?"

"अगं, सिलिंडरची तोंडं अरुंद आहेत, नळी त्याहून रुंद. गोळी तोंडातून जाताना आवळली जाते आणि नळीत सैल पडते. मग कडेने गरम वायू निसटतो, शिसं वितळवतो आणि नळीला चिकटवतो. वंगणाचा काही संबंध नाही. बिचाऱ्या कोकमावर उगाच आळ. लोकांना वाटतं गोळी जितकी कडक तितकी नळी साफ. मऊ गोळी दाबाने जरा फुगून फट भरते तरी, कडक गोळी फुगतच नाही, फट तशीच राहते. ती तोंडं केसभर मोठी करून घेतली आणि गोळी त्या मापाची ओतली, की संपलं."

"मग करून घ्या ना!"

"आणि मग हार्टमूट कशाला थांबेल?"

कपाळावर हात मारला मी. "अहो, थांब म्हणून सांगा! कॉफी प्यायला घरी बोलवा!"

"बोलावलं होतं," काका म्हणाले. मग सगळं बाहेर आलं. पहिल्याच वर्षी त्यांनी हार्टमूटला घरी चहाला बोलावलं होतं. तो नको म्हणाला. आता आपल्याकडे पहिल्या नकाराला कोण नकार मानतं? काकांनी आग्रह केला. पुन्हा नको. काकांनी हात धरून, असं कसं, आलंच पाहिजे, म्हणून तिसऱ्यांदा आग्रह केला. हार्टमूटने हात सोडवून घेतला आणि म्हणाला, "मोहन, मी नाही म्हटलंय." काका इतके शरमले, की त्यानंतर काम असल्याशिवाय त्या माणसाला क्षणभरही थांब म्हणायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं. म्हणून हे काम जपून ठेवलेलं.

"मी सांगते त्याला," मी म्हणाले.

"माझी शपथ आहे तुला." झालं, बसले मी मिठाची गुळणी धरून.

यंदा वसंतात हार्टमूट एका शनिवारी मायक्रोमीटर घेऊन आला. त्याने काकांची एक गोळी सिलिंडरच्या तोंडात ढकलली. ती अडकली. लाकडी दांडीने ठोकून बाहेर काढली, मापली, नळीच्या मापाशी ताडून पाहिली आणि लहान मुलासारखा खूश झाला. "गेनाऊ! हेच! मोहन, मी तुझ्या लोण्याची माफी मागतो." काकांचा चेहरा असा उतरला, की मला बघवेना.

पुढच्या आठवड्यात तो स्वतःच्या गाडीतून काकांना बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे घेऊन गेला. काका नाही कसं म्हणणार? जाताना-येताना दोन्ही वेळा दोघे मिळून खूप हसले म्हणे. तो दिवस फार छान गेला, असं काका मला दोनदा म्हणाले. काम झालं, तपासणीचा रीतसर शिक्काही बसला. हार्टमूटने नव्या मापाच्या गोळ्या ओतून ठेवल्या होत्या. शिशाचं मिश्रण जरा मऊ, वंगण कोकमाचंच.

रिव्हॉल्व्हर परत आल्यावरच्या शनिवारी काकांनी पेटीभर गोळ्या झाडल्या. कागदाच्या मधोमध मूठभर जागेत सगळी भोकं. हार्टमूटने सिलिंडर उघडला, नळी उजेडाकडे धरली आणि आधी स्वतः पाहिलं, मग मला दाखवलं. आत शिशाचा ठिपका नव्हता, आरशासारखी चकचकीत. "साउबर! एकदम साफ!" तो म्हणाला. मग रिव्हॉल्व्हर काकांच्या हातात देऊन त्याने सांगितलं, की महिनाअखेरीस तो पार उत्तरेला, ओल्डेनबुर्गला मुलीकडे राहायला जातोय. गुडघे गेलेत, जिना चढवत नाही. इथलं घर दुसऱ्याला दिलंसुद्धा.

"तुझ्या नळीचीच मला काळजी होती," हार्टमूट म्हणाला. "मी गेल्यावर तू एकटा बसून ती घासत राहशील, असं वाटायचं. म्हणून घाई केली. आता तुला माझी गरज नाही."

केवढ्या प्रेमाने म्हणाला! मी काकांकडे बघत होते. बोला ना, अहो, आता तरी बोला! काकांचे ओठ हलले. मला वाटलं, आलं बाहेर.

"डांके, हार्टमूट," काका म्हणाले. "फार उपकार झाले."

दोघांनी हात मिळवले. हार्टमूटने नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ हात धरून ठेवला, मग काठी घेतली आणि गेला. मी काकांवर भडकले, नको नको ते बोलले. ते म्हणाले, "काय सांगणार होतो गं? मी नळी मुद्दाम घाण ठेवत होतो, म्हणून? तो इतका खूश होता." आणि मान वळवून रडले.

आता शनिवारी काका येतात. उत्तम नेम लागतो, मंडळाच्या स्पर्धेत नाव झालंय. गोळ्या झाडून झाल्या की नळीतून एकदा फडकं फिरवतात, उजेडाकडे धरून बघतात, पेटीत ठेवतात. पाच मिनिटांत काम संपतं. मग तिथेच बाकावर बसून राहतात. मी थांबते कधीकधी, पण मला घरी लेकरं आहेत. परवा कुलूप लावायला आलेल्या माणसाने विचारलं, "हेर सबनीस, अजून काही काम राहिलंय का?"

"नाही," काका उठत म्हणाले, "काहीच राहिलं नाही."