माझं ताट ग्वाल्हेरलाच राहिलं

काल शेजारच्या बिऱ्हाडाचं सामान बांधणं चाललं होतं. नव्या गोणपाटाचा कोरडा, तेलकट वास जिन्यात भरला आणि मला ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातली आमची एक संध्याकाळ आठवली.

छप्पन साली मध्य भारत हे राज्य नव्या मध्य प्रदेशात गेलं, बाबांचं ऑफिस भोपाळला हललं आणि आमच्या घरभर गाठोडी झाली. सामान बांधायच्या दिवशीच शिक्षक-प्रशिक्षणाच्या कॉलेजात माझी मुलाखत होती. नुसतं बी.ए. असून भागत नव्हतं, हिंदीतून पाठ घेऊन दाखवावा लागे. शिकवताना घाबरून मी मध्येच ‘म्हणजे’ म्हणाले, तेव्हा परीक्षक हसले. “कोई बात नहीं बेटी, आगे पढ़ाइए.”

फूलबागेवरून मी जवळजवळ धावतच घरी आले. “बाबा, मला प्रवेश मिळाला!”

बाबा सुतळीला गाठ मारत होते. “छान झालं. मग तू इथेच राहा. छावनी भागात काकूंकडे तुझी सोय करू.”

मी मान डोलावली. कोणीतरी ‘नको, आमच्याबरोबर चल’ म्हणेल म्हणून जरा थांबले. कोणी म्हणालं नाही. आईने शिवलेलं पोतं उसवलं आणि त्यातून एक ताट, एक वाटी, एक पेला काढून माझ्यापुढे ठेवला.

यांनी मला किती सहज सोडलं, असं मला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं. आता त्या संध्याकाळचं दुसरंच काही दिसतं. आई ते पोतं पुन्हा शिवायला बसली होती, पण अंधार पडेपर्यंत तिने एकही टाका घातला नव्हता, आणि दिवा लावायला आमच्यापैकी कोणीच उठलं नव्हतं.